गुरुवार दुपार ते शनिवार दुपार

रांगणेकर साहेब टेकडीवरून पळत खाली आले ते अनवाणी. त्यांच्या बुटांच्या तळाला लोखंडी खिळे होते, म्हणून बूट ते रोज वरच्या सरकारी झोपडीपासून पन्नास पावलं अलीकडे, करवंदीच्या जाळीजवळ काढून ठेवत. त्या सकाळी ते बुटांजवळून तसेच पुढे आले. हातात ओला कागद होता, त्याचं पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं. मी त्यांच्या मागे केरसुणी हातात घेऊनच धावत होते.

आमचे सरपंच यशवंततात्या अंगणात म्हशीची धार काढत होते.

“तात्या, माणसं घराबाहेर काढा,” साहेब म्हणाले. “सगळी. दुपारच्या आत.”

“का ओ? आग लागली कुठं?”

“भूकंप होणार आहे.”

तात्या हसले. “साहेब, हितं रोजच हलतंय की. परवा दोनदा भांडी वाजली.”

“तसला नाही. सदुसष्टसारखा.”

तात्यांच्या हातातली चरवी कलंडली. दूध मातीत गेलं, कोणी तिकडे बघितलं नाही.

सदुसष्ट म्हटलं की कोयनेच्या खोऱ्यात पुढचं काही सांगावं लागत नसे. डिसेंबरातल्या एका पहाटे धरणी हलली आणि आमचं उंबरण गाव दगडांचा ढीग झालं. माझा नवरा भिंतीखाली गेला. मी आणि माझी मुलगी शालन, तेव्हा आठ वर्षांची, ढिगाऱ्यात जिवंत सापडलो. मला सकाळी काढलं, शालनला दुपारी. तेवढा वेळ ती बापाशेजारी होती, आणि बाप गार पडलाय हे तिला कळलं होतं. त्याला आता बारा वर्षं झाली होती. घर मी त्याच दगडांनी पुन्हा उभं केलं, कारण दुसरे दगड नव्हते.

“कधी?” तात्यांनी विचारलं.

“आज गुरुवार. आज दुपारी बारापासून शनिवारी दुपारी बारापर्यंत. त्यात कधीही.”

“आन् हे कशावरनं म्हणायचं?” शेजारच्या ओट्यावरून गेनूबाबा बोलला. गावातला सगळ्यांत म्हातारा तोच, आणि त्याच्या तोंडाला कोणी लागत नसे.

“सूर्यावरून,” साहेब म्हणाले. “आणि सुईवरून.”

“सूर्य तर मलाबी दिसतोय. मला काय बोलला न्हाई त्यो.”

एरवी सगळे हसले असते.

टेकडीवरची ती झोपडी सरकारी होती. नाव झोपडी, पण भिंती हातभर जाड दगडाच्या. आत एक चुंबकाची सुई बारीक धाग्यावर टांगलेली होती. सुईला नखाएवढा आरसा, आरशावर दिव्याचा किरण, आणि तो किरण फिरत्या, फोटोच्या कागदावर रेघ ओढायचा. पृथ्वीचं चुंबक जरा ढळलं की रेघ ढळायची. रोज सकाळी आठला कागद बदलायचा, लाल दिव्यात धुवायचा, की आदल्या दिवसाची रेघ दिसायची. त्या घरात लोखंडाचा कण नव्हता. बिजागऱ्या पितळेच्या, खिळे तांब्याचे. झाडलोट करायची, पाणी भरायचं आणि दारात उभं राहून येणाऱ्याच्या अंगावरचं लोखंड उतरवून घ्यायचं, हे माझं काम. चाव्या, चाकू, केसातल्या पिना, पट्ट्याचं बक्कल. एकदा तपासणीला आलेल्या मोठ्या साहेबांची पँट पट्ट्यावाचून घसरायला लागली, तेव्हा मी त्यांना सुतळी दिली होती. दारावर पाटी होती. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं, पण मी होते तोवर पाटीची गरजही नव्हती.

खात्याला फक्त ते कागद हवे असत. भूकंपाचं भाकीत हे रांगणेकर साहेबांचं स्वतःचं. ते रोज सकाळी छोट्या दुर्बिणीतून सूर्य पांढऱ्या कागदावर पाडत आणि त्याच्यावरचे डाग पेन्सिलीनं गिरवत. त्या साली, एकोणऐंशीत, डाग फार होते. काही हरभऱ्याएवढे दिसत.

“ठकूबाई,” ते मला सांगत, “मोठा डाग आपल्या समोर आला की सुई वेडी होते. सुई वेडी झाली की जमीन हलते. सदुसष्टला मी दुसऱ्या ठिकाणी होतो. तिथल्या कागदावर दोन दिवस आधी रेघ हलली होती. मी ती पाहिली आणि कपाटात ठेवली. मला कळलं नव्हतं.”

गणपतीच्या सुमाराला ते मला म्हणाले होते, येत्या सोमवारी हलेल. सोमवारी फळीवरची भांडी वाजली. तेव्हापासून माझा त्यांच्यावर विश्वास बसला. आमच्याकडे आठवड्यातले दोन-तीन दिवस भांडी वाजतातच, हे तेव्हा माझ्या मनात आलं नाही.

पारावर माणसं जमली. साहेबांनी ओला कागद सगळ्यांना दाखवला. एक सरळ रेघ, आणि तिच्यात एका ठिकाणी उंच टेंगूळ. “सोमवारी आलं. मंगळवारी आलं. कालही आलं. तीन दिवस, वाढत वाढत. दहा वर्षांत मी असं पाहिलेलं नाही.”

बायकांनी पुढचं ऐकलंच नाही. मी घराकडे पळाले.

शालन पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिचा नवरा मुंबईला गिरणीत होता. पोर आठव्या महिन्यातच झालं. एकोणीस दिवसांचं होतं, पण अजून माझ्या दोन तळव्यांत मावायचं. रडायचं तेही मांजराच्या पिल्लासारखं. नर्सबाईंनी सांगितलं होतं, याला ऊब द्या, ऊन दाखवा. खाली गावात दहापर्यंत धुकं हटत नसे. ऊन आधी टेकडीवर यायचं, म्हणून सोमवारपासून शालन पोराला घेऊन सकाळी माझ्याकडे वर येत होती.

मी दारातून ओरडले, “शालन, पोर उचल. बाहेर नीघ.”

तिनं का म्हणून विचारलं नाही. माझं तोंड बघून तिला कळलं. तिच्या हातातून वाटी पडली आणि ती पोराला गाठोड्यासकट छातीशी धरून अशी बाहेर आली की उंबऱ्याला ठेच लागून अंगठा फुटला, तेही तिला समजलं नाही.

दुपारपर्यंत सगळं गाव नदीकाठच्या भाताच्या खाचरांत उतरलं. भात कापून झालं होतं, नुसती सडं उभी होती. कोणी घोंगड्यांची पालं ठोकली, कोणी बैलगाडीखाली पथारी टाकली. बारा वाजले तशी हातातली कामं थांबली. जो तो आपल्या घराकडे बघत होता. कुत्रं भुंकलं तरी बायका किंचाळत. पलीकडच्या रस्त्यानं ट्रक गेला, तर तात्यांची सून पोरांना पोटाशी घेऊन पालथी पडली. घरात पीठ होतं, पण ते आणायला जाईना कोणी. संध्याकाळी गेनूबाबा एकटा उठला आणि पाच घरांतून पिठाचे डबे घेऊन आला.

“बाबा, भ्या वाटत न्हाई?” कोणीतरी विचारलं.

“वाटतंय की. पर भुकेचं जास्त वाटतंय.”

ती रात्र कशी गेली ते सांगत नाही. नदीवरून वारं येत होतं. शेकोटी पेटवली की धूर पालात शिरायचा आणि पोर खोकायचं. विझवली की गारठायचं. मी आणि शालननं त्याला आळीपाळीनं उघड्या अंगाशी धरलं. जमीन दोनदा थरथरली. अगदी हलकी, रोजचीच. पण त्या रात्री प्रत्येक वेळी सगळं गाव एका आवाजात रडलं.

शुक्रवारी सकाळी पोरानं दूध ओढायचं सोडलं. श्वास घेताना त्याच्या बरगड्यांखाली खड्डा पडत होता. नर्सबाई शेजारच्या गावाहून चालत आल्या. त्यांनी पोराच्या छातीला कान लावला आणि माझ्यावर डोळे काढले.

“बाई, तुम्हाला अक्कल आहे का? हे पोर दवात ठेवलंत?”

“भूकंप हाय म्हणून...”

“भूकंप येईल तेव्हा येईल. हे पोर आजची रात्र इथं काढणार नाही. दार बंद करून, चूल पेटवून, उबेत ठेवा. तरच काही आशा.”

“नर्सबाई, दवाखान्यात न्यायचं का?”

“एस.टी. दुपारी, तिथं पोचायला अंधार. गाडीच्या वाऱ्यात वाटेतच जाईल ते. घरात न्या आधी.”

शालननं मान हलवली. नुसती हलवत राहिली. “घरात न्हाई,” ती म्हणाली. “आये, घरात न्हाई. तू मला मार, पर घरात न्हाई.”

माझेही पाय घराच्या दिशेनं उचलत नव्हते. दगड अंगावर येतो तेव्हा आवाज आधी येतो, आणि आवाज ऐकून हलायला वेळ नसतो. हे आम्हा दोघींना ठाऊक होतं.

पोराला दुसऱ्या कोरड्या दुपट्यात गुंडाळायला म्हणून शालननं त्याचं जुनं गाठोडं सोडलं. त्याच्या तळातून तिनं विळा काढला, नवं दुपटं अंथरलं, त्याच्याखाली विळा पुन्हा सरळ करून ठेवला आणि वर पोराला निजवलं.

बाळंतीण सव्वा महिन्याच्या आत उंबऱ्याबाहेर पडली, तर तिच्याजवळ आणि पोराजवळ लोखंड हवं. नाहीतर वाईट नजर लागते, सावली पडते. ही आमच्याकडची रीत. सोमवारी सकाळी टेकडीवर येताना मीच तिला सांगितलं होतं. विळा घे, पोराखाली ठेव, विसरू नको.

मी त्या विळ्याकडे बघत बसले.

टेकडीवर पहिल्या दिवशी वारं होतं. मी शालनला झोपडीच्या पूर्वेच्या भिंतीला टेकून बसवलं होतं, तिथं वारं लागत नसे. पोराचं गाठोडं भिंतीला अगदी चिकटून ठेवलं होतं. भिंतीच्या पलीकडे, हातभर आत, सुई टांगलेली होती. शालनच्या केसातल्या पिना मी काढून घेतल्या होत्या. तिच्या पोलक्याच्या पिनाही. नऊ वर्षांच्या सवयीनं. पण मी माणसाच्या अंगावरचं लोखंड बघत आले होते. एवढ्याशा पोराच्या अंथरुणाखाली हात घालून बघावं, असं माझ्या मनात कधीच आलं नाही.

“शालन, तू वर किती वाजता यायचीस?”

“आता काय ते?”

“सांग.”

“ऊन आल्यावर. नऊच्या सुमाराला. दहाला माघारी यायचे. का?”

मी दुपट्याखालून विळा ओढून घेतला. ती ओरडली, “अगं, काय करतीस? सावली पडंल!” पण मी पळत सुटले होते.

साहेब झोपडीत होते. दोन दिवसांची दाढी, डोळे लाल. मी विळा करवंदीच्या जाळीत ठेवला आणि आत गेले.

“साहेब, रेघ किती वाजता उडाली होती?”

“आता ते कशाला, ठकूबाई? आजचा कागद बघ. कालची रेघ सरळ आहे. एकदम सरळ.” त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. “ही वादळापूर्वीची शांतता आहे. आता जवळ आलं.”

“तीन दिवस किती वाजता उडाली?”

“नऊला चढते, दहाला उतरते. तिन्ही दिवस तीच वेळ. त्या वेळी सूर्याचा तो डाग बरोबर...”

“काल गुरुवारी नऊला शालन आली न्हवती.”

त्यांना काही समजलं नाही. मग मी सगळं सांगितलं. पोराचं ऊन, वारं, भिंत, विळा. नोकरी जाणार हे दिसत होतंच, पण भीती त्याची नव्हती. अख्खं गाव माझ्या एका विळ्यापायी खाचरात कुडकुडत होतं, आणि माझंच पोर तिथं मरत होतं.

साहेबांनी तिन्ही दिवसांचे कागद पुन्हा काढून बघितले. मग म्हणाले, “विळा घेऊन ये. भिंतीपाशी धर. मी सांगेन तसं कर.”

मी बाहेर पूर्वेच्या भिंतीला विळा टेकवला.

“आण,” आतून आवाज आला.

“धरलाय.”

“ने लांब.”

मी वीस पावलं मागे गेले.

“आण.”

असं आम्ही पाच वेळा केलं. शेवटी आवाज आला नाही, म्हणून मी विळा टाकून दारात गेले. साहेब अंधारात स्टुलावर बसले होते. कागदावरचा उजेडाचा ठिपका आता जागच्या जागी स्थिर होता.

“उडी मारतो,” ते म्हणाले. “विळा आला की उडी मारतो. सोमवारपेक्षा मंगळवारी जास्त, बुधवारी अजून जास्त. रोज थोडी जवळ बसली असेल.”

“वारं वाढत चाललं होतं. तिला भिंतीच्या कोपऱ्यापासून मध्याकडं सरकवत गेले मीच.”

त्यांनी मान डोलावली. मला वाटलं ते ओरडतील. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

“मग साहेब, पोराला घरात न्यू?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला त्यांचे डोळे आजही दिसतात. साहेब म्हणून नऊ वर्षं ज्यांच्यासमोर मी उभी राहिले, ते डोळे आता माझ्यासारखेच भ्यालेले होते.

“मला माहीत नाही,” ते म्हणाले.

“म्हंजे भूकंप न्हाई ना?”

“म्हणजे मला माहीत नाही, ठकूबाई. रेघ खोटी होती. डाग खरा आहे. डागाचा आणि जमिनीचा काही संबंध आहे का, हे... मी धरून चाललो होतो. होणार असं मी आता सांगू शकत नाही. होणार नाही असंही सांगू शकत नाही. आज होईल, दहा वर्षांनी होईल. मला काही कळत नाही. कधीच कळत नव्हतं बहुतेक.”

त्या क्षणी मला जेवढी भीती वाटली तेवढी गुरुवारी वाटली नव्हती. गुरुवारी निदान शनिवार होता. शनिवारी दुपारी बारा वाजले की संपणार होतं. आता त्या भीतीला शेवटच उरला नाही.

आम्ही दोघं खाली उतरलो. साहेबांनी बूट घातले, पण नाड्या बांधल्या नाहीत. खाचरात सगळ्यांसमोर उभं राहून ते म्हणाले, “माझी चूक झाली. कागदावरची खूण खोटी होती. सुईजवळ लोखंड आलं होतं. तुम्ही घरी जा.”

माझं नाव त्यांनी घेतलं नाही. ते मीच सांगितलं. “माझ्या पोराखालचा विळा व्हता. मी ठेवाय लावला व्हता.”

कोणी उठलं नाही.

“काल हुणार व्हता, आज न्हाई?” तात्या म्हणाले. “साहेब, तुम्हाला वरनं कुणी दटावलं का?”

“नाही. खरंच चूक झाली.”

“मग शप्पथ घ्या. सांगा, उद्या दुपारपातूर कायबी हुणार न्हाई.”

“तशी शपथ मला घेता येणार नाही.”

“बघा!” बायकांतून आवाज आला. “बघा, घेत न्हाईत!”

“विळ्यानं कधी धरणी हलती का? ठकूला खूळ लागलंय, पोराच्या काळजीनं.”

“धरणी न्हाई गं हलली,” गेनूबाबा म्हणाला, “साहेब हलला.” पण तोही जागचा उठला नाही. पिठासाठी गेलेला माणूस, तोही नाही.

मी पालात गेले. पोराचे ओठ निळे पडायला लागले होते. शालननं त्याला माझ्याकडे दिलं नाही, मी ओढून घेतलं. दुपट्यासकट पदराखाली घेतलं आणि बांधावरून गावाकडे चालू लागले. मागून शालनची किंकाळी आली. मी वळले नाही. वळले असते तर परतले असते.

रिकाम्या गावातून चालताना मला माझ्याच पावलांचा आवाज ऐकू येत होता. घराच्या दारात मी थांबले. चौकटीवर मोठा आडवा दगड होता. त्या दगडाखालून रोज दहादा जायची, पण तो एवढा मोठा आहे हे मी त्या दिवशी बघितलं. डोळे मिटले आणि आत शिरले.

चूल पेटवली. दार लावायचा धीर मात्र झाला नाही. भिंतीला पाठ लावून पोराला छातीशी घेऊन बसले. पाठीला एकेक दगड लागत होता. यातला पहिला कुठला सुटेल? मी वर बघायचं नाही असं ठरवलं आणि सारखी वर बघत राहिले. हळूहळू खोली तापली. पोराच्या तळव्यांना रंग आला. मग ते रडलं. भुकेनं रडलं, हे मी ओळखलं. पण माझ्याजवळ त्याला द्यायला काय होतं?

शालन अंगणात आलेली होती. दारापासून चार हातांवर उभी होती. तिच्या पोलक्याला दुधाचे डाग पडले होते.

“आये, त्येला बाहेर दे. पाजून माघारी देते.”

“बाहेर नेला की पुन्हा गारठंल. तू आत ये.”

“न्हाई येत मला.” ती पाय उचलायची आणि परत तिथंच ठेवायची. “आये, पाय येत न्हाईत गं.”

तिच्यामागून साहेब आले. तिच्या बाजूनं, मान वाकवून, त्या दगडाखालून आत आले आणि चुलीपलीकडे मांडी घालून बसले. पाठ भिंतीला, माझ्यासारखीच. मी त्यांना पाणीही विचारलं नाही.

“तुम्ही कशाला आला, साहेब?”

“शपथ घेता येत नव्हती,” ते म्हणाले. “बसता येतं.”

पोर रडत होतं. रडताना मध्येच थांबून श्वास शोधायचं. ऊन उतरायला लागलं होतं. अंगणात शालन, आत आम्ही दोघं.

आणि ते आलं. आधी आवाज, लांबून, जमिनीच्या खालून, भरलेली गाडी पुलावरून यावी तसा. मग फळीवरची भांडी वाजली. चुलीतली राख सांडली. माझ्या पाठीशी भिंत हलली. खरंच हलली, जनावर अंग झाडतं तशी. वरून माती पडली, साहेबांच्या डोक्यावर, खांद्यावर. मी पोरावर पालथी पडले आणि डोळे घट्ट मिटले. नदीकडून सगळ्या गावाचा ओरडा आला.

माझ्या दंडाला कोणीतरी धरलं. मला वाटलं, दगड. पण तो हात होता. शालन आत आली होती. जमीन हलत असताना, त्या दगडाखालून, ती आत पळत आली होती. तिनं मला बाजूला ढकललं, पोर उचललं आणि भिंतीला पाठ लावून माझ्या जागी बसली.

भांडी वाजायची थांबली. जमीन शांत झाली. तो धक्का मोठा नव्हता. लहानही नव्हता. कसला होता हे साहेबांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

शालननं पोराला पाजायला घेतलं. त्यानं दोनदा तोंड फिरवलं, मग एकदा ओढलं. थांबलं. पुन्हा ओढलं. त्या पोराचं बारसं आम्ही पुढं माघात केलं, पण त्या संध्याकाळी ते तेवढंच करत होतं. ओढायचं आणि थांबायचं. आम्ही दोघी तेवढंच बघत होतो. साहेबांनी तोंड भिंतीकडे वळवून घेतलं होतं, त्यांच्या पाठीवरची माती तशीच होती.

बाहेर कोणीतरी तात्यांना हाका मारत होतं. घरात शिरू नका, अजून येणार, असं कोणीतरी ओरडत होतं. थंड वारं आत येत होतं. धक्का आल्यावर आमच्या खोऱ्यात कोणी दार लावत नाही. लहान पोरालाही ते शिकवलेलं असतं.

शालननं पदर पोरावर ओढला आणि वर न बघता म्हणाली, “आये, दार लाव. त्येला वारं लागतंय.”

मी उठले आणि दार लावलं.